आधी माप, मग स्प्रिंग

साध्या मोटरसायकलवर खड्डा दिसला की आपण पावलांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. क्रूझरवर ही सोय नाही. पाय पुढे ताणलेले, सीट खाली, अंगाचा सगळा भार माकडहाडावर. पुढच्या चाकाने जो धक्का पचवला नाही तो थेट मनगटांत आणि कमरेत येतो. म्हणून क्रूझरचे पुढचे शॉकअप, म्हणजेच फोर्क, नीट करून घेणं ही मला हौस वाटत नाही, गरज वाटते.

त्यात तिचा फोर्क तिरपा. बऱ्याच हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचा फोर्क उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आसपास कललेला असतो. धक्का मात्र येतो खालून, सरळ. ३० अंशांच्या कलावर त्यातला जवळजवळ निम्मा जोर फोर्कच्या नळीला आडवा दाबतो. मग नळी सरकायच्या ऐवजी बुशवर घासत अडते. बारीक खाचांच्या रस्त्यावर हँडल खडखडतं, त्याचं एक मोठं कारण हे.

पुण्यात नाना पेठेतून ऑइल सील, बुश आणि फोर्क ऑइल घेतलं आणि माझी क्रूझर मिस्त्रींच्या गॅरेजला लावली. तक्रारी दोन होत्या : ब्रेक दाबला की गाडी पुढून खाली बसते, आणि मोठ्या स्पीड ब्रेकरवर फोर्क तळाला आपटतो. “जाड ऑइल टाकूया का, उस्ताद?” मी विचारलं. ते म्हणाले, “टाकू की साहेब, पण आधी गाडीवर बसा. किती दबते ते बघू.”

फोर्कच्या पाईपला त्यांनी प्लास्टिकची झिप टाय बांधली आणि स्टीलची पट्टी घेतली. चाक अधांतरी असताना एक माप, मी बसल्यावर दुसरं. फोर्कची एकूण हालचाल १३० मिलिमीटर. नुसतं बसल्यावर त्यातली साधारण ३० टक्के, म्हणजे ४० मिलिमीटरच्या आत-बाहेर खर्ची पडावी. इथे पन्नासाच्या वर गेली होती. खड्डा येण्याआधीच फोर्कची बरीचशी हालचाल संपलेली.

मग उघडणं सुरू झालं. टीचे, म्हणजे फोर्क धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे, बोल्ट घट्ट असतानाच वरचं झाकण सैल करायचं, नाहीतर पुढे पाईप हातात फिरत राहतो. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगून ठेवायचा, होजवर भार नको. खालचा एलन बोल्ट सुटला आणि ऑइल बाहेर आलं : काळपट राखाडी, उग्र वासाचं, उन्हात धरल्यावर धातूचा बारीक चुरा चमकणारं. बुश झिजल्याची ती खूण. पाईप काचेवर फिरवून पाहिला, सरळ होता. क्रोमवर गंजाचे दोन-चार ठिपके होते, ते बारीक पॉलिश पेपरने घासून काढले. तेच ठिपके नव्या सीलचा ओठ फाडतात.

जाड ऑइल का नको, हे कळायला फोर्कची जुनी रचना बघावी लागते. तेलाने धक्का आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ वर दिला. हार्लेने १९४९ मध्ये आणला आणि त्या गाडीचं नावच हायड्रा-ग्लाइड ठेवलं. साध्या फोर्कमध्ये आजही एक पोकळ दांडा आणि त्याला ठरावीक भोकं असतात, त्यांतून ऑइल ढकललं जातं. जाड ऑइलची अडचण इथेच आहे. पिचकारी हळू दाबली तर पाणी सहज निघतं, जोरात दाबली तर दांडा हाताला अडतो. वेग दुप्पट झाला की भोकाचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे जाड ऑइलने ब्रेक मारताना गाडी फक्त सावकाश बसेल, शेवटी तेवढीच बसेल. पण खड्ड्याच्या कडेवर फोर्क दगड होईल. गाडी किती बसणार हे स्प्रिंग ठरवते.

स्प्रिंगवर पीव्हीसी पाईपचा लांब तुकडा बसवायचा उपायही सर्रास करतात. त्याने गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, स्प्रिंग मात्र तेवढीच मऊ राहते. आम्ही माझ्या वजनाला साजेशी कडक स्प्रिंग घातली आणि ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ठेवलं. स्प्रिंग टाकण्याआधी फोर्क पूर्ण दाबून, पाईपच्या काठापासून ऑइल किती खाली आहे ते पट्टीने मोजलं, दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं. वरची हवासुद्धा स्प्रिंगचंच काम करते : ऑइलची पातळी थोडी वाढवली की फोर्क शेवटच्या टप्प्यात कडक होतो आणि आपटत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मिस्त्रींनी शेवटी केली. एक्सलचा नट आवळला, पण खालचा पिंच बोल्ट सैल ठेवला, गाडी स्टँडवरून उतरवली आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क जोरजोरात दाबला. फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसले, मगच बोल्ट घट्ट केला. घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये हे राहून जातं आणि नवे बुशसुद्धा घासत चालतात.

आता ब्रेकला गाडी बसते, पण आवरलेली बसते. स्पीड ब्रेकरवरचा ठोका गेला. बारीक खाचांवरची खडखड कमी झाली, संपली नाही. फोर्कचा कल कुठल्याही स्प्रिंगने बदलत नाही. तुमच्याकडे क्रूझर असेल तर महागडं किट मागवण्याआधी एक झिप टाय बांधा, गाडीवर बसा आणि माप घ्या. आणि गाडी घेतल्यापासून फोर्कमधलं ऑइल एकदाही बदललं नसेल, तर पैसे आधी तिथे घाला.