अ‍ॅप टाकून द्यायच्या आधी दहा मिनिटं

तुमच्या घरातलं ‘आयटी डिपार्टमेंट’ कोण? अर्थात तुम्ही! वायफाय बंद पडलं, गॅसचं बुकिंग होईना, आजीचं व्हॉट्सअ‍ॅप अडकलं की हाक तुम्हालाच. त्यात आता नवी फर्माईश आली आहे. मावशी म्हणते, “पिंट्याला गणिताचं, सायन्सचं एखादं चांगलं अ‍ॅप टाकून दे ना. नुसते रील्स बघत बसतो.” मग आपण प्ले स्टोअर उघडतो, ‘मॅथ्स फॉर किड्स’ टाइप करतो, वर दिसेल ते साडेचार स्टारवालं अ‍ॅप इन्स्टॉल करतो आणि मोकळे होतो.

एवढ्यात तुम्ही पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी गणिताचा पहिला मास्तर निवडलेला असतो. ट्यूशन लावायची असती तर मावशीने चार घरी चौकशी केली असती. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र तिचा सगळा भरवसा तुमच्यावर. तेव्हा पुढच्या वेळी एक मिनिट नको, दहा मिनिटं द्या.

आधी मुद्दाम चुका

अ‍ॅप मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः खेळून बघा आणि उत्तरं चुकीची द्या. तीन अधिक चार विचारलं तर नऊ दाबा. लाल फुली, भोंगा आणि ‘ट्राय अगेन’ एवढंच आलं, तर पोरगं दोन दिवसांत ओळखेल की एकेक पर्याय दाबत गेलं की कधी ना कधी टाळ्या वाजतातच. याला गणित म्हणत नाहीत, तुक्का म्हणतात. चांगलं अ‍ॅप तिथे थांबतं. तीन मणी मांडतं, चार मणी मांडतं, मोजायला लावतं.

अमेरिकेतल्या बालमानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अशा अ‍ॅप्ससाठी चार कसोट्या मांडल्या. मूल डोकं चालवतंय की नुसतं बोट? त्याचं लक्ष कामावर टिकतंय, की मधेच नाणी आणि फुगे नाचतात? जे शिकतंय ते त्याच्या रोजच्या जगाशी जुळतं का? आणि त्यावर ते कोणाशी बोलतं का? हे चार प्रश्न लक्षात ठेवले तर स्टार मोजायची गरज उरत नाही.

पंचवीस की बावन्न?

आपल्याकडे आणखी एक गोची आहे. इंग्रजी अ‍ॅप ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणतं, म्हणजे आधी वीस, मग पाच. लिहितानाही आधी 2, मग 5. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी ऐकू येतो. ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ कुठेच नाही, एक कमी तीस असा हिशेब आहे. म्हणून मराठी शाळेतलं मूल पंचवीस ऐकून 52 लिहितं तेव्हा ते ढ नसतं. त्याने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवतंय? त्यामागची अडचण हीच होती.

त्यामुळे मूल शाळेत कुठल्या भाषेत मोजतं, ते आधी विचारा. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी अ‍ॅप दिलं तर ‘ट्वेंटी-फाइव्ह म्हणजे आपलं पंचवीस’ हे सांगायला शेजारी माणूस लागेलच.

फुकट म्हणजे किती फुकट?

प्ले स्टोअरवर इन्स्टॉलच्या बटणाजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘कंटेन्स अ‍ॅड्स’, ‘इन-अ‍ॅप परचेसेस’. ते वाचाच. सात दिवसांच्या ‘फ्री ट्रायल’साठी मावशीचं कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडलं, तर आठव्या दिवशी पैसे कटू शकतात. आणि अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नाही. ते वेगळं रद्द करावं लागतं. 2020 मध्ये ‘एबीसीमाउस’ हे मुलांचं अ‍ॅप चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीने अशाच आपोआप वसुलीच्या प्रकरणात 1 कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. आपल्या शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्ये पालकांना सावध केलं: एड-टेक कंपन्यांना ऑटो-डेबिट देणं टाळा, अटी वाचून मगच सही करा.

मग टाकायचं काय?

‘खान अ‍ॅकॅडमी किड्स’ दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत. पण ते इंग्रजीत आहे. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केला की त्या-त्या धड्याचं साहित्य मिळतं, आणि तेही मुलाच्या माध्यमात. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘फेट’ बघा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. अपूर्णांक, तराजू, वीज यांचे प्रयोग ब्राउझरमध्ये फुकट करता येतात, आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत.

शेजारी कोण बसणार?

शिकागोमध्ये पहिलीच्या 587 मुलांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. झोपताना आई-बाबांनी मुलासोबत अ‍ॅपवरची गणिताची एक छोटी गोष्ट वाचायची आणि त्यावर बोलायचं, एवढंच करायचं होतं. ज्या घरांत हे नियमाने झालं तिथल्या मुलांचं गणित वर्षभरात सुधारलं. सगळ्यात जास्त फायदा झाला तो स्वतः गणिताला घाबरणाऱ्या आई-बाबांच्या मुलांना. अ‍ॅपने त्या घरात गणितावर बोलायला एक निमित्त दिलं होतं.

हे निमित्त तुम्हीही करू शकता. अ‍ॅपमध्ये बाष्पीभवनाचं कार्टून आलं? मग मे महिन्यात थंडगार हवा देणारा तोच कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो, ते पोराला विचारा. (हवेत आधीच इतकी वाफ असते की ताट्यांमधलं पाणी सुकतच नाही.) अपूर्णांक आले? संत्रं सोला, फोडी मोजा, अर्ध्या त्याला द्या. रविवारी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा. 1992 पासून ते आपल्या गावात आहे, आणि तिथे बटण दाबलं की खरंच काहीतरी हलतं.

वेळेचं गणित सोपं आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. आणि त्या तासात रील्स, कार्टून आणि अ‍ॅप, सगळं धरायचं बरं का!

आठ दिवसांनी शेवटची परीक्षा घ्या, मुलाची नाही, अ‍ॅपची. फोन बाजूला ठेवल्यावर पोरगं जिन्याच्या पायऱ्या मोजत असेल, ‘असं का होतं?’ विचारून डोकं खात असेल, तर अ‍ॅप राहू द्या. ‘अजून पाच मिनिटं’ एवढंच म्हणून रडत असेल, तर खुशाल डिलीट मारा. आणि हो, सबस्क्रिप्शन असेल तर तेही रद्द करा.