विश्लेषण : अमेरिकेत जास्त मते मिळवूनही हार, पर्याय कोणते?

2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून अधिक मते मिळाली, तरी अध्यक्ष झाले ट्रम्प. अमेरिकी मतदार थेट अध्यक्ष निवडत नाहीत. ते राज्यवार 538 इलेक्टर निवडतात. 270 चा आकडा गाठणारा जिंकतो. बहुतेक राज्यांत थोड्याशा आघाडीवरही सगळे इलेक्टर एकाच उमेदवाराच्या पदरात पडतात.

मग ते मतदारसंघनिहाय वाटले तर? मेन आणि नेब्रास्का तसे करतात. ऐकायला न्याय्य वाटते, पण मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत राजकारणीच आखतात. देशभर हीच पद्धत असती, तर 2012 मध्ये सुमारे 50 लाख मतांनी मागे असलेले मिट रॉम्नी अध्यक्ष झाले असते. आगीतून फुफाट्यात!

थेट निवडणुकीसाठी घटनादुरुस्ती हवी, त्याला 38 राज्यांची संमती लागते. 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली, सिनेटमध्ये अडली.

म्हणून 2006 पासून आडवाटेने प्रयत्न सुरू आहे. राज्यांनी आपापसांत करार करायचा आणि देशभरात सर्वाधिक मते घेणाऱ्याला आपले इलेक्टर द्यायचे. 2024 पर्यंत 17 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून 209 इलेक्टर जमले. 270 झाल्याशिवाय करार लागू होत नाही, आणि आतापर्यंत त्यात आलेली राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी आहेत.