डब्यातला माल आणि डब्यावरची चिठ्ठी

शिक्षक बंधुभगिनींनो, शिष्यवृत्तीची यादी तुम्ही संगणकावर, एक्सेलच्या कोष्टकात भरता. १६ अंकी बँक खातेक्रमांक नीट पाहून टंकता आणि चौकट सोडताच त्याचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो! हे ध्यानात आलं नाही, तर त्या मुलाचे पैसे अडकलेच म्हणून समजा. असे का होते?

कोष्टकातली चौकट म्हणजे घरातला डबा. आत माल, बाहेर चिठ्ठी. डोळ्यांना दिसते ती चिठ्ठी. हिशेब होतो मालाचा. म्हणून काही बिघडलेसे दिसले, की चौकटीवर टिचकी मारावी आणि कोष्टकाच्या वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. खरा माल तिथे दिसतो.

१२ अंकी आधार क्रमांक मध्ये ‘ई’ येऊन आखूड दिसतो, पण पट्टीत तो पूर्ण असतो. दोष चिठ्ठीचा. ‘संख्या’ हे रूप द्या, दशांश शून्य ठेवा. चौकटभर नुसत्या ##### खुणा दिसल्या, तर बहुधा रकाना अरुंद आहे. तो रुंद करा. तारखेच्या जागी १७३९४ आले, तरी घाबरू नका. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून एक्सेल दिवस मोजते. १७३९४ म्हणजे १५ ऑगस्ट १९४७! तारखेचे रूप दिले, की झाले.

खातेक्रमांकाचे मात्र तसे नाही, बरं का. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. पुढच्यांची शून्ये होतात. ००७ चे ७ होते, ३/४ ची तारीख होते. इथे मालच बदलला. मागाहून चिठ्ठी बदलून तो परत येत नाही. म्हणून टंकण्यापूर्वीच त्या रकान्याला ‘मजकूर’ हे रूप द्यावे आणि चुकलेले अंक मूळ कागदावरून पुन्हा भरावेत.

उलटा प्रकारही होतो. गुणांची बेरीज शून्य आली, तर आकडे डावीकडे चिकटलेत का पाहा. तसे असतील, तर एक्सेल त्यांना मजकूर समजते आहे. ते निवडून शेजारच्या इशारा-खुणेतून त्यांची संख्या करून घ्या.

आणि एक सांगणे, यादी पाठवीपर्यंत मूळ कागद हाताशी असू द्या. संगणक हरवलेला अंक सांगत नाही, कागद सांगतो.