पिंपळगाव राजात इटालियन!

‘तू मेकॅनिकलले हायेस ना? मंग मले सांग, इटालियन घेऊ का नको?’

चुलतभावाचा हा फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. मागच्या दोघांना वाटलं पिझ्झाचं चाललंय. त्यांना काय माहीत, आमच्या घरात त्या आठवड्यात यावरून केवढं महाभारत झालं होतं!

भाऊ (घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात) पिग्मी कलेक्शन करतो. पिंपळगाव राजा, मधली खेडी, खामगाव आणि परत. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. गाडी बंद तर कमिशन बंद, इतकं सरळ गणित. सहा वर्षांत त्याने 1,90,000 रुपये साठवले होते, त्यातले चाळीस हजार वहिनीच्या शिवणकामाचे. आणि साहेबांना पाहिजे दोन सिलिंडरची इटालियन स्पोर्ट बाईक, जुनी का होईना! मोठे काका एकच वाक्य बोलले, ‘कायले पाह्यजे बाप्पा ते? स्प्लेंडर काय चावते तुले?’ वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

म्हणून मी जरा अभ्यास केला, तोही परीक्षेला करतो त्यापेक्षा जास्त. हॉस्टेलमध्ये दर वर्षी दोघा-तिघांना हा ताप चढतोच, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे इटालियन गाडी आपल्याकडे नवीन नाही. पुण्याच्या आकुर्डीची बजाज कंपनी 1961 ते 1971 पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. परवाना संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली, पण तिचा सांगाडा व्हेस्पाचाच. त्याच 1972 साली कायनेटिकची लुना आली, ती पियाज्जोच्या ‘चाओ’ मोपेडवरून. म्हणजे काका ज्या लुनावर दुधाचे कॅन बांधून हिंडले, ती अर्धी इटालियनच! हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘तिले खामगावात कोनीबी उघडत होतं.’

काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. लुना भरवशाची होती, कारण ती उघडणारा माणूस आणि तिचा पार्ट दोन्ही हाताशी होते. रोजच्या वापराच्या गाडीचा निम्मा भरवसा इंजिनात असतो, उरलेला निम्मा गाडीच्या बाहेर.

आता इंजिनाकडे येऊ. भाऊच्या मोबाइलवर सगळ्यात आधी डुकाटीचे फोटो. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. डुकाटीच्या बहुतेक इंजिनांत बंद करायलाही वेगळा कॅम आणि वेगळा रॉकर असतो. यालाच डेस्मो म्हणतात. 1950 च्या दशकात फाबियो तालिओनी या इंजिनिअरने हे रेसिंगच्या गाडीत आणलं, कारण जास्त आरपीएमला त्या काळच्या स्प्रिंगा दगा द्यायच्या. कल्पना झकास आहे, व्हायवात सांगायला तर फारच. पण खिशाचा हिशोब करा. प्रत्येक व्हॉल्व्हचा गॅप दोनदा मोजायचा, एकदा उघडण्याचा, एकदा बंद होण्याचा. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह धरले तरी आठ मोजमापं, आणि गॅप चुकला तर शिम बदलायची. 803 सीसीच्या स्क्रॅम्बलरला हे काम दर 12,000 किलोमीटरला येतं. भाऊचं रनिंग धरलं तर सात-आठ महिन्यांत एकदा!

शिवाय बऱ्याच मॉडेलांत टायमिंगला रबरी बेल्ट असतो. तो किलोमीटरवरच नाही, वयावरही जातो. ‘गाडी फक्त चार हजार चालली आहे, नुसती उभी होती’ हे ऐकून आपण खूश होतो. पण आठ वर्षं उभ्या गाडीतला तो बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि इंजिनाचा कार्यक्रम आटोपतो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज डोक्यातून काढून टाका. थोडी थोडी पण नेमाने चाललेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी कधीही बरी.

आणखी एक इथेनॉलची भानगड. जुन्या काही डुकाटींना प्लास्टिकच्या टाक्या होत्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगायच्या, बोल्टच्या जागी बसेनाशा व्हायच्या. आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. म्हणून जुनी कोणतीही परदेशी गाडी पाहताना टाकी आणि पेट्रोलचे पाइप हाताने चाचपून पाहा. पाइप चिकट, मऊ किंवा तडकलेला लागला की तो खर्च हिशोबात धरा.

आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल मी काय सांगू! हवेवर थंड होणारं मोठं व्ही-ट्विन, मागचा सिलिंडर मांडीखाली, वर खामगावचं ऊन. भाऊला म्हटलं, पिग्मीची वही भाजून निघेल.

एप्रिलियाची आरएस 457 मला मनापासून आवडते. डिझाइन इटलीचं आणि बांधणी आपल्या बारामतीची. ती डिसेंबर 2023 मध्ये 4.10 लाखांना बाजारात आली. बजेटच्या बाहेर, विषय संपला.

राहिली बेनेली. इटलीच्या पेझारो गावात 1911 साली सुरू झालेली कंपनी, 2005 पासून चिनी मालकीची. आता तिला इटालियन म्हणायचं का, यावर आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत भांडण झालं. मला विचाराल तर गावच्या रस्त्याला हा प्रश्न पडत नाही. 300 सीसी, दोन सिलिंडर, कूलंटवर थंड होणारं इंजिन, नेहमीच्या स्प्रिंगवाले व्हॉल्व्ह. 2015 मध्ये पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने ती भारतात आणली. 2018 मध्ये कारभार हैदराबादच्या महावीर ग्रुपकडे गेला. म्हणून विकणाऱ्याला आधी विचारायचं, गाडी कोणत्या सालची आणि त्या बदलाच्या काळात तिची सर्व्हिसिंग कुठे झाली?

पहिली गाडी आम्ही पुण्यात पाहिली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडी वापरणाऱ्याचा होता. फोनवर बजावलं होतं, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ गेल्यावर हात लावला तर इंजिन कोमट. इथेच शंका आली. थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर कोणत्या रंगाचा, टॅपेट वाजतात का, हे फक्त पहिल्या मिनिटात कळतं. मग इलेक्ट्रिकलच्या मित्राकडून आणलेला मल्टीमीटर बॅटरीला लावला. 5000 आरपीएमला साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसायला पाहिजेत, दिसले 12.4. म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. स्टेटर नाही तर रेग्युलेटर गेलेला. हँडल पूर्ण वळवून फ्रेमवरचा स्टॉपर पाहिला, तो चेपलेला. म्हणजे गाडी जोरात आपटलेली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेही सहा वर्षांपूर्वीचे निघाले. मालक म्हणाले, ‘एवढं तर शोरूमवाले पण बघत नाहीत.’

ट्रॅव्हल्समध्ये भाऊ जालन्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, ‘आवाज मातर काय होता राजा!’

दुसरी महिन्याभराने छत्रपती संभाजीनगरला मिळाली. 2019 ची बेनेली, 14,000 किलोमीटर, मालकांकडे प्रत्येक बिलाची फाइल. इंजिन गार होतं. ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं चालवली, रेडिएटरचा फॅन लागला, बंद झाला, परत लागला. फोर्कच्या नळ्या कोरड्या. मोबाइलवर आरसीचे तपशील पाहिले, चेसिस नंबर स्वतः गाडीवरून वाचून ताडून घेतला. त्यावर कर्ज होतं, म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत टोकनही दिलं नाही. मग फॉर्म 29 आणि 30. इन्शुरन्सही आपल्या नावावर करून घ्या. तो चौदा दिवसांत करायचा असतो आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. इथे पोरं हमखास आळस करतात. पावती MH-20 वाल्याच्या नावाची आणि अपघात MH-28 मध्ये आपल्या हातून, मग बसा कोर्टात!

सौदा 1,55,000 ला झाला. उरलेले पस्तीस हजार भाऊ हेल्मेट-जॅकेटवर उडवणार होता, वहिनींनी ते आधीच काढून घेतले. टायर, चेन-स्प्रॉकेट, कूलंट, ब्रेक ऑइल, ट्रान्सफर यात अठ्ठावीस गेले. क्लच केबल, दोन्ही लिव्हर आणि दोन ऑइल फिल्टर पुण्याहून आणून घरात डब्यात ठेवले आहेत. सर्व्हिसिंगला गाडी दूर न्यावी लागते, ती तारीख भाऊ पतसंस्थेच्या सुट्टीला जुळवतो.

आता सात महिने झाले. ॲव्हरेज पंचविसाच्या आसपास, त्यामुळे पेट्रोलचा खर्च दुपटीच्या वर गेला. तो धक्का मी आधी नीट सांगितला नव्हता, ही चूक माझी. दोनशे किलोच्या आसपासची ती गाडी पावसात काळ्या मातीच्या पांदणीत घालता येत नाही, तिकडच्या खेड्यांना भाऊ अजून स्प्लेंडरवरच जातो. काकांनी ती विकू दिली नाही.

आणि परवा मी घरी गेलो तर काका इटालियनवर मागे बसून खामगावच्या बाजाराला निघालेले. मला पाहिलं आणि म्हणाले, ‘शीट लय उंच हाये बे याची.’