मागणी-अर्जांच्या यादीचे स्थलांतर

ज्या सभासदांची मुलेमुली संगणकाच्या कंपन्यांत नोकरीस आहेत, त्यांना एक गोष्ट परिचयाची असेल. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मुलाच्या खोलीत दिवा जळत असतो, आणि काय चालले आहे असे विचारले तर 'मायग्रेशन आहे' एवढेच उत्तर मिळते. हे मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर, अनेक प्रकारचे असते. त्यांपैकी एका प्रकाराविषयी येथे लिहिण्याचे योजिले आहे. आम्ही पेशाने शिक्षक. ही विद्या आमची नव्हे. परंतु आमच्या वर्गात बसलेली मुलेच आज हे काम करीत आहेत. त्यांच्याकडून जे समजून घेतले आणि पुढे वाचून ताडून पाहिले, तेच मांडीत आहोत.

मोठ्या कचेरीत हजारो माणसे कामाला असतात. कोणाला नवा लॅपटॉप हवा असतो, कोणाला ई-मेलचे खाते, कोणाला हिशेबाच्या प्रणालीत शिरण्याची परवानगी. अशा सर्व मागण्यांची एक यादी पडद्यावर ठेवलेली असते. तीस सर्व्हिस कॅटलॉग म्हणतात. मागणी आणि तक्रार या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. नळ फुटला ही तक्रार. नवा नळ जोडून द्या ही मागणी. हा भेद साधा दिसतो, पण तो रूढ होण्यास वेळ लागला. ब्रिटिश सरकारच्या एका संगणक-खात्याने १९८० नंतरच्या दशकात अशा सेवांचे नियम ग्रंथरूपाने बांधण्यास आरंभ केला. ते नियम आयटीआयएल या नावाने जगभर गेले. त्यांत मागणीच्या पूर्ततेला तक्रारीपासून वेगळे, स्वतंत्र स्थान मिळाले ते २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत.

यादीतील एकेका नावामागे बरेच काही दडलेले असते. अर्जाचे रकाने, मंजुरी कोणी द्यायची, काम कोणत्या विभागाकडे जायचे, किती दिवसांत व्हायचे, आणि मंजुरी मिळताच आपोआप काय घडायचे. अर्जदाराला दिसतो तो केवळ दर्शनी दरवाजा. स्थलांतरात घर हलवायचे असते ते संपूर्ण.

मग ते हलवावेच कशाला? पुष्कळदा निर्णय आपल्या हाती नसतो. जिरा या नावाची प्रणाली अनेक कंपन्यांत अशा अर्जांसाठी वापरतात. ती बनविणाऱ्या ॲटलॅसियन कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की, ग्राहकांनी स्वतःच्या यंत्रावर चालविण्याच्या 'सर्व्हर' आवृत्तीस फेब्रुवारी २०२४ नंतर आधार मिळणार नाही. बहुतेकांपुढे दोनच वाटा उरल्या: कंपनीच्या क्लाउडवर जाणे, नाही तर डेटा सेंटर ही मोठ्या संस्थांची आवृत्ती घेणे. ज्यांना दोन्ही नको होत्या, ते दुसऱ्याच कंपनीच्या प्रणालीकडे वळले. सर्व्हिसनाऊ ही त्यांपैकी एक. तिचे केंद्र आमच्या हैदराबादेतही आहे, त्यामुळे आपल्या घरांतून तिचे नाव कानी पडते.

पहिले काम मोजदादीचे. गेल्या वर्षभरात कोणता अर्ज किती वेळा भरला गेला हे पाहिले की, निम्म्या यादीला कोणी शिवतही नाही असे बहुधा आढळते. बंद पडलेल्या यंत्रासाठी अर्ज, मोडीत निघालेल्या विभागासाठी अर्ज. एका शाळेच्या प्रवेश-अर्जावर फॅक्स क्रमांकाचा रकाना आम्ही अलीकडेच पाहिला, तेव्हा संगणकवाल्यांनाच हसण्यात अर्थ नाही. आमचे मत असे की, जे मृत आहे ते येथेच सोडावे, परंतु जे जिवंत आहे त्यात फार सुधारणा याच वेळी करू नयेत. जागाही बदलली आणि अर्जही बदलला, तर बिघाड कशामुळे झाला हे शोधणे कठीण होते.

खरी अडचण माणसांच्या नोंदींत असते. जिराच्या क्लाउडवर प्रत्येक व्यक्तीची ओळख ई-मेलच्या पत्त्यावरून पटते. जुन्या प्रणालीत मात्र दोन खात्यांना एकच पत्ता, किंवा पत्ताच नाही, असे चालून जात असे. नेण्यापूर्वी हे सारे निस्तरावे लागते. मंजुरी देणाऱ्यांचेही तेच. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचे नाव जसेच्या तसे नव्या प्रणालीत गेले, तर अर्ज त्याच्यापुढे जाऊन बसतो. मंजुरी नाही, नकारही नाही. म्हणून व्यक्तीचे नाव न लिहिता 'अर्जदाराचा वरिष्ठ' असा नियम बांधणे बरे.

दुसरी अडचण आपोआप चालणाऱ्या आज्ञांची. सर्व्हर आवृत्तीत स्क्रिप्टरनर नावाच्या जोडणीतून ग्रूव्ही भाषेत लिहिलेल्या आज्ञा प्रणालीच्या पोटात शिरून काम करीत. क्लाउडवर त्यांना बाहेरूनच, ठरवून दिलेल्या दारातून विनंती करावी लागते. त्यामुळे त्या पुष्कळ अंशी नव्याने लिहाव्या लागतात. मूळ लिहिणारा नोकरी सोडून गेला असेल आणि त्याने टिपण ठेवले नसेल, तर ओळीओळीचा अर्थ लावीत बसावे लागते. मुलांच्या जागरणांतील मोठा वाटा याचा.

आणि जे अर्ज अर्ध्यावर आहेत त्यांचे काय? मंजूर झाले, पण काम झालेले नाही. काही ठिकाणी ते जुन्याच प्रणालीत पूर्ण करून घेतात आणि नव्या प्रणालीत नवेच अर्ज स्वीकारतात. हे आम्हास अधिक शहाणपणाचे वाटते. काही ठिकाणी मधल्या अवस्थेतच उचलून नेतात. मग जुन्या प्रणालीत सात टप्पे आणि नव्या प्रणालीत पाच असले की, कोणत्या टप्प्यावर ठेवावे याची जुळणी आधी कागदावर करावी लागते. येथे एखादा अर्ज हरवला तर नुकसान कोणाचे, हे ध्यानात घ्यावे. नव्याने रुजू झालेली मुलगी लॅपटॉपवाचून आठवडाभर रिकामी बसते, आणि तिच्याविषयी पहिले मत याच आठवड्यात बनते. उलटपक्षी, नोकरी सोडून गेलेल्या माणसाची परवानगी काढून घेण्याचा अर्ज हरवला, तर कचेरीचे दार त्याला उघडेच राहते, आणि याची वाच्यता होत नाही, कारण तक्रार करणारा कोणी नसतो.

यासाठी प्रत्यक्ष बदलाआधी प्रत्येक जिवंत अर्ज एकदा भरून, मंजूर करून, शेवटपर्यंत नेऊन पाहतात. हे पाहण्याचे काम प्रणाली रचणाऱ्याने करू नये, नेहमी अर्ज भरणाऱ्या साध्या कारकुनाने करावे. रकान्याचे नाव समजत नाही हे त्यालाच कळते. नंतर एका शनिवार-रविवारी जुन्या प्रणालीत नवी नोंद करणे बंद करतात, पण ती वाचण्यास खुली ठेवतात. कोणाला कोणती परवानगी कोणी दिली होती, हे हिशेबतपासनीस वर्ष-दोन वर्षांनीही विचारतात.