लघवी आटली की अडली?

बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंडाच्या विकारांसाठी एक स्वतंत्र संस्था आहे. अशा ठिकाणी एकाच सकाळी तीन रोगी आले, अशी कल्पना करावी. पहिला कोलारकडचा शेतमजूर; नाचणीच्या शेतात त्याला घोणस चावलेली. दुसरा दोन दिवसांच्या जुलाब-वांत्यांनी गळून गेलेला. तिसरे सत्तरीचे गृहस्थ, ओटीपोट फुगलेले. तिघांची तक्रार एकच, लघवी जवळजवळ बंद. तिघांच्याही रक्तात क्रिएटिनीन वाढलेले. प्रयोगशाळेचा कागद तेवढा पाहिला तर तिघांना एकच रोग झाला असे वाटावे. पण एकाला तारणारा उपाय दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सारा रक्तात परत घेतात. लघवीवाटे जातो तो दीड लिटरच्या आसपास. हे काम एकाएकी थांबले तर दोष मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्तात, खुद्द मूत्रपिंडात किंवा बाहेर जाणाऱ्या वाटेत असतो.

वाटेतला अडथळा आधी पाहावा, कारण तो लवकर दूर करता येतो. वृद्ध गृहस्थांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्ग दाबला गेला आहे. ओटीपोटावर हात ठेवताच भरलेले मूत्राशय लागते. नळी घातली की तुंबलेले मूत्र वाहू लागते.

जुलाबाच्या रोग्याचे मूत्रपिंड शाबूत आहे. त्याला रक्तच पुरत नाही. असे मूत्रपिंड काटकसरी गृहिणीप्रमाणे पाणी आणि मीठ जपून ठेवते, म्हणून लघवी थोडी, गडद आणि अल्प मिठाची होते. वेळेवर सलाईन मिळाले तर ते सावरते. मात्र हयगय झाली तर त्यातील सूक्ष्म नलिका मरू लागतात. मग लघवीत मीठ सांडू लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातकट रंगाचे साचे दिसतात. आता सलाईनचा मारा केला तर ते पाणी फुप्फुसांत साठते. कालचे औषध आज अपाय करते, ते असे.

घोणसेचे विष मूत्रपिंडाला इजा करते आणि रक्त गोठण्याची शक्तीही घालवते. ती ओळखण्याची कसोटी मोठी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवावे. ते पातळच राहिले तर प्रतिविष देण्यास विलंब करू नये.

पण रोग्याला ना जुलाब, ना दंश, ना अडथळा, असे असेल तर? अशा वेळी त्याने कोणते औषध घेतले, हे विचारावे लागते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वेगळ्याच विकारांसाठी दाखल झालेल्या काही रोग्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. ते शुद्ध नव्हते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. दिसण्यात आणि गोडीत ते ग्लिसरीनसारखेच. याच द्रव्यात कालवलेल्या औषधाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे दगावली होती आणि तेथे १९३८ मध्ये नवा कायदा झाला होता. मुंबईत १४ रोगी मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे मग रुग्णालयाच्या औषधखरेदीपासून औषध नियंत्रण खात्यापर्यंतचे अनेक दोष उघड झाले.