ठिबकणारी चरबी जाते कुठे?

वटारच्या एखाद्या अंगणात निखाऱ्यांवर डुकराचे मांस भाजताना चरबी ठिबकली की ज्वाळा उसळते. भुशाच्या दाबीव गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीत आगीवर तिरका पत्रा असतो; चरबी त्यावरून पन्हळीत व पुढे डब्यात जाते. पण आपली अडचण येथेच सुरू होते. पत्रा तापलेला, पन्हळ मात्र थंड. ही चरबी सुमारे ३०-४० अंश सेल्सिअसला थिजू लागते. पन्हळ तुंबते, मागची चरबी तापल्या पत्र्यावर साचते आणि पेटते. उतार वाढवावा, तर शेगडीची उंची वाढते! आम्हाला पन्हळ आखूड व उबदार ठेवणे अधिक पटते. पत्रा खरवडणे चुकत नाहीच. चरबी पेटल्यास पाणी ओतू नये. त्याची वाफ सुमारे १६०० पट फुगून जळती चरबी चौफेर उडवते. झाकण मिटलेलेच ठेवावे, पंखा बंद करावा.